दोघांचं बघणारे तात्या

समोरून कुणी येताना दिसलं की तात्या रस्त्यातच थांबायचे, उजवा हात वर करायचे आणि विचारायचे, "किती?"

हाताची कधी दोन बोटं वर असायची, कधी तीन, कधी नुसता अंगठा. नवख्या माणसाला वाटायचं, हे कशाचा तरी भाव विचारतायत. आमच्या वस्तीला सवय झाली होती. माणूस चालता चालता "तीन" म्हणायचा. मग तात्या म्हणायचे, "आता ह्यो डोळा झाका. आता किती?" तेवढं झाल्याशिवाय वाट सोडायचे नाहीत. समोरच्याच्या डोक्यावर गवताचा भारा असला तरी नाहीत.

लग्नाच्या मांडवात हेच, निमगाव केतकीच्या बाजारात हेच. एकदा कुणाच्या तरी सावडायला माणसं जमली होती. सगळे खाली माना घालून बसलेले, आणि तात्यांचा हात वर. समोर बसलेला म्हातारा म्हणाला, "तात्या, हितं तरी हात खाली घ्या. गेलेल्याला वाटंल, त्यालाच माघारी बोलवताय."

"तुमाला दिसलं का न्हाय, त्ये सांगा."

"दिसला की हात."

"बोटं किती?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "हात दिसला. बोटं न्हाय दिसली."

डोळ्यांच्या पुढच्या शिबिराला तो म्हातारा तात्यांच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसलेला होता.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लोक त्याला हसतात आणि गरज लागली की त्याच्याच दारात जातात. आमच्या तात्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे तात्या म्हणायचे, मीही तात्याच म्हणत आले. निरवांगीच्या रस्त्याला आमची वस्ती आहे. त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर, मधे फक्त बैलगाडी जाईल एवढी वाट. त्यांच्या घरामागं थोडं रान, त्यात वांगी आणि गवार. आमचंही तसंच. ते भवानीनगरला कारखान्यात वायरमन होते. रिटायर झाल्यावर एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यातून म्हाताऱ्या माणसांना बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला लागले. घरात ते आणि काकी, दोघंच. एक लेक, ती बारामतीला दिलेली.

हे डोळ्यांचं वेड त्यांना काकीपासून लागलं.

काकीची नजर गेली ती हळूहळू आणि बाजूनं. समोरचं तिला चांगलं दिसायचं. सुईत दोरा ओवायची, तांदळातला खडा वेचायची. पण शेजारी ठेवलेला तांब्या तिच्या पायानं लवंडायचा, दाराची चौकट खांद्याला लागायची. आम्ही बायका हसायचो. "काकी, समोर बघून चाल की." ती समोरच बघून चालत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तात्यांनी मेडिकलमधून डोळ्यांत घालायचं औषध आणलं, ते बरेच दिवस घातलं. मग लेकीकडं गेलेली असताना ती जिन्यावरून पडली, तेव्हा लेकीनं डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यात थोडं उरलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही असं त्यांनी सांगितलं.

तात्यांनी डॉक्टरला विचारलं, "माझा एक काढून हिला बसवता यील का?"

डॉक्टर म्हणाले, "बसवतात ती डोळ्याच्या पुढची काच. यांची काच चांगली आहे. मागची तार गेली आहे."

तात्या वायरमन. तार गेली म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. हे मला काकीनंच सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवशी घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी चुलीपासून मोरीपर्यंत सगळ्या वस्तूंना जागा ठरवून दिल्या. मिठाचा डबा हितं, तिखटाचा तितं, पाण्याचा तांब्या भिंतीला चिकटून. त्या घरात तात्या एकाच गोष्टीवर चिडायचे. आलेल्या पाहुण्यानं वस्तू उचलली आणि दुसरीकडं ठेवली, तर.

आणि ते बोलायला लागले. पहिले तात्या कमी बोलणारे होते, असं जुनी माणसं सांगतात. मी पाहिलेले तात्या घरात पाय ठेवायच्या आधी फाटकापासून बोलत यायचे. "आलो गं. संगं आबा हायत. आबांनी आज पांढरी टोपी घातलीया, धुतलेली." आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहायचे.

लग्नात तर बघण्यासारखं असायचं. बायकांच्या बाजूला पुरुषानं बसायचं नाही, म्हणून तात्या काकीला मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसवायचे आणि मागं उभे राहून हळू आवाजात सांगत राहायचे. "नवरी सावळी हाय, पर नाकीडोळी चांगली. हिरवा शालू. नवरदेव घामानं निथळाय लागलाय, त्याचा मामा टॉवेलनं पुसतोय. आता तुझी भाचेसून आली, तिनं तुझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं."

"कोणतं लुगडं नेसलीया?"

"जांभळं."

"माझंच हाय त्ये. मीच दिलतं. म्हणून बघंना."

पुढं बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकजण म्हणालीसुद्धा, "तात्या, जरा मोठ्यांदा सांगा. आमाला म्होरल्या फेट्यांमुळं दिसंना."

मला या कामात तात्यांनीच ओढलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. माणसं जमली की मी आतल्या खोलीत जाते. तात्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला विचारलं आणि मग मला म्हणाले, "सूनबाई, गाडीत बाईमाणूस पायजे. म्हाताऱ्या बाया पुरुषाचा हात धरत न्हायत आन् जिन्यात पडत्यात."

मी म्हणाले, "मला तिथं बोलाय न्हाय यायचं."

"बोलायचं न्हाय. नुसता हात धरायचा."

तेवढं मला जमण्यासारखं होतं. तेव्हापासून शिबिर असलं की मी जायचे. माझा हात किती म्हाताऱ्यांनी धरला, ते आता आठवत नाही. पण दोन जावांचं आठवतं.

थोरली आणि धाकटी. बांधावरून भांडण झालेलं, कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींचे मोतीबिंदू एकाच वेळी पिकले. तात्यांनी दोघींना एकाच व्हॅनमध्ये घातलं, एक पुढं, एक मागं. दवाखान्यात दोघींच्या डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवलं, तेव्हा थोरलीनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "माझं आज नगं. मला उद्याच्याला धरा."

मी तात्यांना बोलावलं.

"का वो, काय झालं?"

"डोळा काढून बशीत ठिवत्यात. धुत्यात आन् माघारी बसवत्यात. मला ठावं हाय सगळं. तिची बशी आन् माझी बशी शेजारी शेजारी. ती नर्स पोरगी बारकी हाय. अदलाबदल झाली म्हंजे?"

डोळा काढून बशीत ठेवतात, हे आमच्याकडं बऱ्याच जणांना वाटतं. आधी मलाही वाटायचं. तात्या शांतपणे म्हणाले, "झाली अदलाबदल, तर काय हुईल?"

"तिचा डोळा मला बसला तर मला माझाच बांध खोटा दिसंल."

तात्या हसले नाहीत. डोळा जागचा हलत नाही, आतली मळकी काच काढून तिथं नवी घालतात, खिडकी तीच राहते, असं त्यांनी बऱ्याच वेळा सांगितलं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि परत बशीवर यायची. शेवटी ते म्हणाले, "असं करू. धाकटीचं आधी उरकू. तिची बशी धुऊन फडताळात ठिवू. मग तुमाला आत घेऊ." तेव्हा ती कबूल झाली. आत जाताना मला म्हणाली, "बशी धुतली का त्येवढं तू बघ."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. थोरलीनं डोळा उघडला, समोर धाकटी बसलेली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लई वाळलीस गं."

धाकटी म्हणाली, "तुमी बी काळ्या पडलाय."

येताना दोघी मागच्या सीटवर शेजारी बसल्या. बांधाचं भांडण काही मिटलं नाही, पण ते आता तोंडानं चालतं.

दवाखान्याच्या भिंतीवर मेल्यावर डोळे देण्याची पाटी होती. तात्यांनी तिथल्या माणसांकडून सगळं समजून घेतलं आणि मग दर खेपेला व्हॅनमध्ये सांगायला लागले. माणूस गेला की पहिल्यांदा पंखा बंद करायचा, वाऱ्यानं डोळे सुकतात. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची, आणि फोन करायचा. काही तासांत झालं पाहिजे, उशीर झाला की उपयोग नाही. म्हाताऱ्या वैतागायच्या. "तात्या, आमी डोळं बरं कराय निघालोय. मरणाचं काय सांगत बसलाय. गाडी नीट हाका."

त्यांना स्वतःचे डोळे द्यायचे होते. दुसरं काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. आणि काकीचं म्हणणं होतं, नाही.

"डोळं काढून दिलं तर पुढल्या जन्मी आंधळं याल," काकी म्हणायची.

"बघून कोण आलंय?"

"बघून कुणी आलं न्हाय, म्हणून तर भ्या वाटतं."

खरं कारण वेगळं होतं. एकदा आम्ही दोघी ओट्यावर गवार निवडत बसलो होतो. काकीचा हात शेंगा चाचपून किडकी बाजूला टाकत होता. मधेच म्हणाली, "त्ये डोळं मला येत न्हायत. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. मग दुसऱ्या कुणाला कशापायी यावंत?" जरा वेळानं म्हणाली, "त्या डोळ्यांनी मला भावकीतली लगनं दावली, नातू दावला. उद्या त्ये कुणा भलतीच्या तोंडावर बसून तिच्या घरातलं बघत बसायचं." मी शेंगा निवडत राहिले.

लेक आली होती तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं, "तुमी देऊन टाका की शब्द तिकडं. मग आई काय करणार हाय?"

तात्या म्हणाले, "माझ्या तोंडावर हायत एवढंच. वापरती ही. हिनं हो म्हणल्याबिगर न्हाय."

"तिला नंतर आमी समजावू."

"नंतर म्हंजे मी गेल्यावर. तवा तिच्याशी भांडाय मी नसणार. एकटीला गाठून कसं हरवायचं?"

विषय तिथंच राहिला. तात्या परत काढायचे, काकी परत नाही म्हणायची. दोघांनाही त्याची सवय झाली असावी.

तात्या गेले ते उन्हाळ्यात, सकाळी. गवारीला पाणी देऊन आले, ओट्यावर बसून चहा घेतला. काकी आतून काहीतरी विचारत होती, आणि उत्तर आलं नाही. ते न बोलता घरात बसलेत असं कधी होत नव्हतं, म्हणून ती चाचपडत बाहेर आली. तिनं मला हाक मारली. मी धावत गेले तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते. गावातले डॉक्टर आले, हात बघितला आणि मान हलवली.

त्यांना सोप्यात निजवलं. वस्ती गोळा झाली. आबांनी माणसं कामाला लावली, पाहुण्यांना फोन गेले. वर पंखा फिरत होता. लेक बारामतीहून आली, रडली, आणि थोड्या वेळानं डोळे पुसून आबांपाशी गेली. "काका, बाबांच्या मनात डोळं द्यायचं हुतं."

आबा म्हणाले, "मनात लई असतं माणसाच्या. देह पुरा न्यायचा असतो. मुडद्याला सुऱ्या लावू देऊ व्हय मी? आन् तुझ्या आईचा नकार हाय, त्ये साऱ्या वस्तीला ठावं हाय."

ते खरंच होतं. सगळ्यांनी काकीकडं बघितलं. ती तात्यांच्या उशाशी बसली होती, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. तिनं त्यांच्या चेहऱ्यावर हात ठेवला, कपाळ, मग भुवया. मला म्हणाली, "पोरी, डोळं पुरं मिटल्यात का?"

"थोडं उघडं हायत."

तिनं आपल्या बोटांनी ते मिटले आणि तसाच हात ठेवून बसली. बाहेर कुणीतरी लाकडांचं विचारत होतं. मग ती म्हणाली, "पंखा बंद कर."

मी उठून बटण दाबलं. सोप्यात माणसं दाटलेली, उकाडा होता. कुणीतरी म्हणालं, "अगं, पंखा का बंद केला?" पण व्हॅनमध्ये बसून गेलेली जी माणसं तिथं होती, ती काही बोलली नाहीत. त्या दोन जावांतली थोरली भिंतीपाशी बसली होती, ती उठली आणि ओल्या कापसासाठी आत गेली.

आबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते उभे राहिले. आता इथं एक सांगायला हवं. आबा काकीचे थोरले दीर. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. काकी सगळा जन्म आबांशी बोलली ती तात्यांकडून. एकाच खोलीत तिघं असली तरी "आबांना इचारा, चहा घेणार का" असंच. आता मधे तात्या नव्हते. तात्यांच्या शेजारी मी बसले होते.

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, पंखा लाव. ह्ये व्हायचं न्हाय."

मी काकीकडं बघितलं. तिनं ऐकलेलंच होतं. ती म्हणाली, "आबांना म्हणावं, फोन करायचा हाय. येळ जातोय."

सोप्यातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "आबा, फोन करायचा हाय. येळ जातोय." माझा आवाज मलाच परका वाटला.

"तिला म्हणावं, तूच नगं म्हणत हुतीस."

"काकी, तूच नगं म्हणत हुतीस म्हंत्यात."

"व्हय. त्ये हुतं तवर म्हणत हुते. भांडाय समोर माणूस हुता."

ते मी आबांना सांगितलं. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांचा धाकटा भाऊ होता तो, हेही लक्षात घ्यायला पाहिजे. ते हळू आवाजात म्हणाले, "तिला म्हणावं, पुढल्या जन्मी आंधळा यील गं त्यो."

काकीनं मान वर केली नाही. "आबांना म्हणावं, येऊ द्या. ह्या जन्मी त्यांनी माझं बघितलं. पुढल्या जन्मी मी त्यांचं बघीन."

हे मला सांगता येईना. सगळ्यांनी ऐकलेलं होतं, आबांनीही ऐकलं होतं, तरी ते माझ्याकडं बघत वाट पाहत राहिले, कारण माझ्या तोंडून आल्याशिवाय ते त्यांच्यापर्यंत आलेलं धरता येत नव्हतं. मी दोन वेळा सुरुवात केली. तिसऱ्यांदा पूर्ण म्हणाले.

आबा बाहेर गेले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अरं पंखा लावा, माणसं उकडून गेली," आणि आबांचाच आवाज आला, "कुणी बटणाला हात लावायचा न्हाय."

लेकीनं फोन केला. बारामतीहून माणसं आली, फार वेळ लागला नाही. दार लावून घेतलं आणि उघडलं, तेव्हा तात्या होते तसेच दिसत होते. डोळे मिटून पडलेले. काकीनं आलेल्यांतल्या एकाला विचारलं, "कुणाला बसवणार?" तो म्हणाला, "ते कळवत नाहीत, आजी. आपल्याच भागातलं कुणी असेल, नाहीतर लांबचं." काकी म्हणाली, "बरं."

दहाव्याला भाषणं झाली. समाजसेवा, आदर्श, असे शब्द आले. मी बायकांत मागं बसले होते. सगळं बरोबरच होतं, पण तो माणूस लग्नात खुर्चीमागं उभा राहून बायकोला नवरीचा शालू कसा आहे ते सांगायचा, हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे.

शिबिराला आता दवाखान्याची गाडी येते. मी जाते, हात धरते. लेक काकीला बारामतीला चल म्हणते, पण डबे जागच्या जागी असलेलं घर सोडून ती जात नाही. उरलेली नजरही कमी होत चालली आहे. उजेड कळतो, माणूस हललेला कळतो. मी निमगाव केतकीच्या बाजारला भाजी घेऊन जाते तेव्हा ती संगं येते. मला तात्यांसारखं सांगता येत नाही. मी आपली जमेल तसं सांगते, मेथी चांगली आलीय, गर्दी कमी आहे.

मधेच ती माझा दंड धरून थांबते आणि हळूच विचारते, "आपल्याकडं कोण बघतंय का गं?"

पहिल्यांदा मला वाटलं, पदर सरकला असेल म्हणून विचारते. मग कळलं. आता तिनं विचारलं की मी खरंच सगळीकडं नजर टाकते आणि खरं तेच सांगते. बहुतेक वेळा कुणी बघत नसतं. मागच्या बाजारला एक बाई बघत होती, कोथिंबिरीच्या पाटीमागं बसलेली, चाळिशीची असेल.

मी म्हणाले, "एक बाई बघतीया."

"कुठनं?"

"डाव्या अंगानं."

काकीनं पदर डोक्यावर सारखा केला, तोंड त्या बाजूला वळवलं, आणि गर्दीच्या मधोमध तशीच जरा वेळ उभी राहिली.